पायलटचा मेडिकल फॉर्म आणि मामाच्या दुकानातली गोळी

मला आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी २४ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. वडिलांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचा छोटा कारखाना आहे, घर तारण ठेवून त्यांनी हिला पायलट केलं. ट्रेनिंगच्या काळात विमानं आणि इन्स्ट्रक्टर मिळेनात म्हणून कित्येक महिने फ्लाइंग बंद पडलं, त्यातच आजी गेली, आणि ही हॉस्टेलच्या खोलीतनं बाहेर पडेनाशी झाली. आई तिला सोलापूरला घेऊन आली. इथल्या मानसोपचार तज्ज्ञांनी डिप्रेशन सांगितलं, नऊ महिने गोळ्या दिल्या, मग त्यांनीच हळूहळू बंद केल्या. त्याला दीड वर्ष झालं. त्यानंतर तिनं राहिलेले तास पूर्ण केले, सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हातात आलं. मधे एकदा क्लास वन मेडिकल, म्हणजे नोकरी म्हणून उडणाऱ्या पायलटला लागणारी वैद्यकीय तपासणी, रिन्यू करताना फॉर्मवर 'मानसिक आजार, उपचार' या प्रश्नापुढं तिनं 'नाही' लिहिलं. आता पुढच्या महिन्यात परत मेडिकल आहे आणि एका एअरलाइनची भरतीही निघालीय. मेडिकल दुकान चालवणारा मामा म्हणतो, तोंड बंद ठेव, कोणाला कळणार आहे. वडिलांना तर उपचारांचंच माहीत नाही, त्यांना ॲसिडिटी म्हणून सांगितलेलं. ती विचारते: ताई, लपवू की सांगू? सांगितलं तर सगळं संपलं ना? आणि मी उडायच्या लायकीची आहे का तरी?

अगं, तुझा प्रश्न दीड वर्षापूर्वी संपलेल्या आजाराबद्दल आहे, पण मला काळजी लागली ती पत्राच्या मधल्या एका वाक्यानं. तू लिहिलंयस, 'झोप नाही लागली तर मामाच्या दुकानातली अल्प्राझोलम घेते, आठवड्यातनं तीन-चारदा, बाकी आता काही नाही.' हे 'बाकी काही नाही' मधे ढकलायसारखं नाहीये बाळा. आपण इथनंच सुरुवात करू, फॉर्मचं नंतर बघू.

अल्प्राझोलम ही बेंझोडायझेपिन गटातली गोळी आहे. झोप येते, छातीतली धडधड कमी होते, आणि म्हणूनच तिची सवय लागते, म्हणजे काही आठवड्यांतच शरीर ती मागायला लागतं आणि गोळीशिवाय झोप पहिल्यापेक्षा वाईट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला फ्रेश वाटत असेलही, पण लक्ष, प्रतिसादाचा वेग, आठवण, या गोष्टींवर तिचा परिणाम रेंगाळू शकतो आणि तो स्वतःला जाणवेलच असं नाही. विमान चालवणाऱ्यासाठी ही गंभीर गोष्ट आहे. शिवाय ३१ जानेवारी २०२२ पासून डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या चाचणीचा नियम लागू झालाय, त्यात गांजा, कोकेन, अफूचे पदार्थ, ॲम्फेटामीन, बार्बिट्युरेट यांच्याबरोबर बेंझोडायझेपिनही शोधतात. एअरलाइननं दरवर्षी आपल्या किमान १० टक्के क्रूची अचानक तपासणी करायची असते, आणि नोकरीवर घ्यायच्या आधीसुद्धा चाचणी होते. म्हणजे तू ज्या भरतीची वाट बघतीयस तिच्या दारातच ती लघवीची बाटली उभी आहे. आजार बरा झालेला असताना नोकरी जायची ती मामानं मायेनं दिलेल्या गोळीपायी, असं नको व्हायला.

मामाबद्दलही बोलते, राग नको मानू. अल्प्राझोलम शेड्युल एच-वन या सरकारी यादीतलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नसतं आणि दिलं की पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं असतं. तुझ्या मामानं तसं काही लिहिलेलं नसणार हे उघड आहे. त्यांचं तुझ्यावर प्रेम आहे, भाचीला झोप नाही हे बघवत नसेल, पण त्या गोळ्यांनी ते स्वतःचं दुकानही धोक्यात घालतायत आणि तुझं लायसन्सही. त्यांना सरळ सांग, मामा आता मला एकही पट्टी देऊ नका.

पण थांब, याचा अर्थ आज रात्रीपासून गोळी एकदम बंद कर असा नाही. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतीय, तुला आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना. नियमित घेतलेली अल्प्राझोलम एकदम सोडली तर हातपाय थरथरणं, प्रचंड घाबरल्यासारखं होणं, आणि काही जणांत आकडी येणं, इथपर्यंत जाऊ शकतं. आणि आकडी ही पायलटच्या मेडिकलमधे डिप्रेशनपेक्षा कितीतरी अवघड गोष्ट आहे. तेव्हा या आठवड्यातच तुझ्या जुन्या मानसोपचार तज्ज्ञांकडं जा, किती घेतीस, कधीपासून घेतीस, खरं सांग, ते कमी करत आणतील. झोप का येत नाही हेही त्यांना बघू दे. भरतीचं टेन्शन असेल, मे महिन्यातली सोलापूरची रात्र आणि त्यात लाईट गेलेली असेल, किंवा जुना आजार परत डोकं वर काढत असेल, आणि या तीन गोष्टींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. निद्रानाशावर गोळीशिवायचे, वागण्याच्या सवयी बदलून होणारे उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात, त्याबद्दल आवर्जून विचार.

आता तुझा मूळ प्रश्न. तू आणि मामा दोघंही एक गोष्ट धरून चाललायत, की मनाच्या गोळ्या घेतल्या म्हणजे पायलटकी संपली. हे कुठनं आलं? हॉस्टेलमधल्या गप्पांतनं, व्हॉट्सॲप ग्रुपमधनं, कोणाच्या तरी मित्राच्या मित्राच्या किश्श्यातनं. आपल्याकडचे मेडिकलचे नियम इकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या ॲनेक्स वन या नियमावलीवर बेतलेले आहेत. त्यात स्किझोफ्रेनिया, मूड डिसऑर्डर, चिंतेचे आजार, व्यसन अशी लांबलचक यादी आहे खरी, पण त्याला जोडून अटही आहे की तो आजार माणसाला सुरक्षितपणे काम करू देणार नाही अशा स्वरूपाचा असला पाहिजे. आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू असलेल्यांना सरसकट फिट धरू नये असं म्हणतानाच, एखादी केस नीट तपासून मेडिकल असेसरला, म्हणजे मेडिकलचे रिपोर्ट तपासणाऱ्या डॉक्टरला, उड्डाणाला धोका नाही असं वाटलं तर फिट देता येतं, ही वाटही तिथंच ठेवलीय. तुझ्या तर गोळ्या बंद होऊन दीड वर्ष झालं, त्यानंतर तू तास पूर्ण केलेस, चेक, म्हणजे उड्डाणाच्या परीक्षा, दिल्यास, लायसन्स काढलंस. हे सगळं तुझ्या बाजूनं बोलणारं आहे, पण फाईलमधे आलं तरच.

अमेरिकेत २०१० पासून ठरावीक काही डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतानाही, कडक देखरेखीत, उडायची परवानगी मिळू शकते. दारूच्या व्यसनातनं बाहेर आलेल्या पायलटना परत कॉकपिटमधे आणायचा त्यांचा हिम्स नावाचा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून चालू आहे आणि त्यातनं हजारो पायलट परत उडायला लागलेत. त्यांचे नियम आपल्याला लागू नाहीत, पण 'एकदा आजारी तो कायमचा बाद' हे जगात कुठंच इतकं सरळ नाही एवढं तरी यातनं दिसतं.

मामाची दुसरी गोष्ट, कोणाला कळणार. खरंय की क्लास वनमधे डोळे, कान, ईसीजी, रक्त, लघवी हे मशीनवर कळतं आणि मनाचा भाग बराचसा तुझ्या सांगण्यावर आणि डॉक्टरशी होणाऱ्या बोलण्यावर असतो. कायदाही तुझ्या बाजूनं आहे, मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणं तुझे डॉक्टर तुझी माहिती तुझ्या संमतीशिवाय असं कोणालाही देऊ शकत नाहीत, अपवाद अगदी मोजके. पण तू एकदा लपवून सुटणार नाहीयेस ना. आपल्याकडं एअरलाइनचा पायलट ६५ व्या वर्षापर्यंत उडतो. म्हणजे चाळीस वर्षं, दरवर्षी, तोच फॉर्म, तोच प्रश्न, आणि दरवर्षी नवं खोटं. त्या चाळीस वर्षांत तुझं लग्न होईल, बाळंतपण होईल, आईबाबा थकतील, नाइट फ्लाइट असतील, आणि कधीतरी मन परत ढासळलं तर तू डॉक्टरकडं जायचं टाळशील कारण जुनं उघडं पडेल. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते, पकडलं जाण्यापेक्षाही. लपवणाऱ्याला पुढं मदत मागायचीच चोरी होऊन बसते.

आणि पकडलं जाणंही अशक्य नाही. अमेरिकेत २०२३ मधे बाहेर आलं की माजी सैनिक असलेले सुमारे ४,८०० पायलट एका सरकारी खात्याकडनं आजारपणाचे पैसे घेत होते आणि पायलटचं मेडिकल बघणाऱ्या दुसऱ्या सरकारी खात्याला ते सांगत नव्हते असा संशय आहे. दोन याद्या कोणीतरी शेजारी ठेवून बघितल्या, बस्स. आपल्याकडंही विम्याचे क्लेम, हॉस्पिटलची बिलं, डिजिटल हेल्थ रेकॉर्ड हे सगळं आता कॉम्प्युटरवर चाललंय. माहिती लपवून किंवा चुकीची देऊन मिळवलेलं लायसन्स निलंबित करायची, रद्द करायची तरतूद एअरक्राफ्ट रूल्स १९३७ मधेच आहे. आणि पायलट जो लायसन्स गेलं तर पैसे मिळावेत म्हणून विमा काढतात ना, त्यातही जुना आजार लपवलेला निघाला की क्लेम अडकतो. बाबांचं घर तारण आहे म्हणून तू लपवतीयस, पण लपवल्यानं ते घर जास्त सुरक्षित होत नाहीये, उलट.

तुला गोड गोड सांगून पाठवायचं नाही मला. सांगितलंस तर त्रास होईल. टेम्पररी अनफिट, म्हणजे काही काळापुरती अपात्र, होऊ शकतेस, महिनोन्महिने जाऊ शकतात, परत मूल्यमापन, मानसशास्त्रीय चाचण्या, रिपोर्ट, बोर्डिंग सेंटरच्या, म्हणजे पायलटच्या मोठ्या मेडिकल तपासणी केंद्रांच्या, चकरा, बेंगळुरू नाहीतर दिल्ली. ही भरती हातची जाईल असंही होईल. मला ही व्यवस्था आवडत नाही, जो खरं बोलतो त्याचेच महिने आणि पैसे जातात आणि गप्प बसणारा पुढं जातो, हे बदललं पाहिजे आणि पायलट लोकांनी मिळून बदलून घेतलं पाहिजे. अमेरिकेतल्या एका सर्व्हेत अर्ध्याहून जास्त पायलटनी कबूल केलं की मेडिकल जाईल या भीतीनं आपण डॉक्टरकडं जायचं टाळलंय किंवा काही ना काही लपवलंय. म्हणजे तू एकटी नाहीस, आणि तू काही फार वाईट मुलगी आहेस असंही नाही, घाबरलेल्या माणसानं जे केलं असतं तेच तू केलंस.

तू पत्रात जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या दुर्घटनेचा उल्लेख केलायस, 'लोक माझ्याकडंही तसंच बघतील' म्हणून. २४ मार्च २०१५ ला को-पायलटनं विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं आणि सगळे १५० जण गेले. त्या एका घटनेनं जगभरातल्या साध्या डिप्रेशनच्या पेशंटवर उगाच संशयाचं सावट आलं. डिप्रेशन झालेली बहुतेक माणसं कोणाला इजा करत नाहीत, झाला तर त्यांचा त्रास त्यांनाच होतो. पण फ्रेंच तपास यंत्रणेच्या अहवालातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे: तो अनेक डॉक्टरांकडं जात होता, त्याला रजेच्या चिठ्ठ्याही मिळालेल्या, पण कंपनीला त्यानं काही कळू दिलं नाही, आणि लायसन्स गेलं तर पैशाचं काय ही भीती त्यामागं होती. त्यानंतरच युरोपात पायलटसाठी पीअर सपोर्ट, म्हणजे पायलटनंच पायलटचं गुपचूप ऐकून घ्यायची आणि योग्य ठिकाणी पोचवायची व्यवस्था सक्तीची झाली. आपल्या डीजीसीएनंही फेब्रुवारी २०२३ मधे मानसिक आरोग्याबद्दल सर्क्युलर काढून एअरलाइनना तसंच करायला सांगितलंय. उद्या नोकरी लागली की त्या ग्रुपचा नंबर पहिल्याच आठवड्यात सेव्ह कर.

मग आता करायचं काय. पुढच्या महिन्याची मेडिकलची तारीख सोड. हे ऐकून तुझ्या पोटात गोळा येईल, पण झोप नाही, गोळी चालू आहे, अशा वेळी मेडिकलला जाणं म्हणजे हरायला जाणं. मेडिकलची मुदत संपली तर संपू दे, तेवढे दिवस उडायचं नाही इतकंच, मुदत संपल्यानं कोणी कायमचं बाद होत नाही. एअरलाइनच्या भरत्या परत निघतात.

या वेळात डॉक्टरांकडनं अल्प्राझोलम सुटू दे आणि झोप बसू दे. त्याच डॉक्टरांकडनं जुन्या उपचारांचा नीट लेखी सारांश घे, आजार काय होता, कधी सुरू झाला, कुठलं औषध, किती डोस, कधी थांबवलं, त्यानंतर परत झाला का, आत्ताची स्थिती काय, आणि झोपेच्या गोळीचं काय झालं तेसुद्धा. 'शी इज फिट' असं एका ओळीचं सर्टिफिकेट नको, त्यानं काही होत नाही. स्वतःचे कागद मागायचा तुला कायद्यानं हक्क आहे, संकोचू नकोस. चेकचे निकाल, लॉगबुक, हेही फाईलला लाव. खर्चाचा प्रश्न असेल तर आपल्या सिव्हिलमधे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, तिथं जा की, लाजायचं काय त्यात.

मग पुण्या-मुंबईकडं डीजीसीएच्या पॅनेलवरचे क्लास वन परीक्षक बसतात, त्यांच्यापैकी एकाला आधी नुसतं भेट, फॉर्म न भरता, सल्ला म्हणून. आपली केस कशी मांडायची, कुठल्या टेस्ट आधी करून घ्यायच्या, हे ते सांगू शकतात. मागच्या वेळच्या 'नाही'चं काय, हा प्रश्न नाजूक आहे, तो मी इथनं एका वाक्यात सोडवणार नाही. विमान वाहतुकीचे नियम जाणणाऱ्या वकिलाला एकदा विचार, कशा शब्दांत दुरुस्ती द्यायची ते. पण दिशा एकच, स्वतःहून सांगितलेलं आणि दुसऱ्यानं शोधून काढलेलं यात फार मोठा फरक असतो, आणि स्वतःहून सांगायची संधी तुझ्याकडं आज आहे. नोकरी लागल्यावर, प्रवासी मागं बसल्यावर, ती इतकी सोपी राहणार नाही.

टेम्पररी अनफिट आलंच तर त्या कागदावर कारण आणि पुढची तारीख असते, ती वाच, त्यात जे मागितलंय ते पुरं कर. तो नकार नसतो, वेळ दिलेला असतो. आणि निकाल पटला नाही तर अपील करता येतं.

तुझ्यासारख्याच इतरांसाठी दोन गोष्टी, कारण अशी पत्रं येतात. मेडिकलच्या आधी महिनाभर डिप्रेशनच्या गोळ्या मनानं बंद करून, मेडिकल झालं की परत चालू करणारी मुलं आहेत. असं करू नका, आजार उलटतो, आणि तो नेमका फ्लाइंगच्या दिवसांत उलटतो. आणि दारू. फ्लाइटच्या आधी १२ तास दारू चालत नाही, आणि ब्रेथ ॲनालायझरवर थोडी जरी दिसली तरी पहिल्या वेळी तीन महिने, दुसऱ्या वेळी तीन वर्षं लायसन्स निलंबित, तिसऱ्या वेळी रद्द. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा चालत नाही. भावाच्या हळदीत मित्रांनी आग्रह केला हे कारण तिथं कोणी ऐकत नाही. पण रोज संध्याकाळी घेतल्याशिवाय राहवत नसेल तर तो तासांचा हिशोब नाही राहिला, तो उपचाराचा विषय आहे, आणि पॉझिटिव्ह यायच्या आधी गेलात तर तुमच्या अटींवर जाल. आपल्या सोलापूर डिव्हिजनमधले लोको पायलट, एसटीचे ड्रायव्हर, त्यांनाही हेच सांगणं आहे. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

उडायच्या लायकीची आहेस का, असं विचारलंस. तो निर्णय परीक्षक आणि तुझे डॉक्टर तुला तपासून देतील, आणि त्यांनी तो पूर्ण माहितीवर द्यावा असं तुला स्वतःलाच वाटतंय, नाहीतर हे पत्र तू लिहिलंच नसतंस. मामाचं ऐकून गप्प बसली असतीस.

राहिले बाबा. त्यांना सांगावं लागेल गं, कारण मेडिकल पुढं ढकललं की ते विचारणारच, आणि परत ॲसिडिटी म्हणता येणार नाही. एकटीनं सांगू नकोस, आईला बरोबर घे, आणि शक्य झालं तर डॉक्टरांकडं त्यांनाही घेऊन जा. कारखान्यातनं आल्याआल्या नको, सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर सांग. 'बाबा, ट्रेनिंगमधे मला डिप्रेशन झालेलं, मी उपचार घेतले, बरी झाले, आता झोपेचा त्रास आहे त्यावरही उपचार घेतीय, म्हणून नोकरीला काही महिने उशीर होईल' एवढंच सांग आणि थांब. ते चिडतील कदाचित, पहिल्यांदा लोनचं बोलतील, दुखावतील की आपल्याला सांगितलं नाही. बोलू दे त्यांना. मग हप्त्याचं काय करायचं ते तिघं मिळून बँकेत जाऊन विचारा, मुदत वाढवून मिळते का, हप्ता कमी होतो का, आणि मधल्या काळात तू ग्राउंड क्लासमधे शिकवू शकतेस का तेही बघ, सीपीएल झालेल्या मुलांना तसं काम मिळतं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मात्र उद्याच घे.